पाडवा ते पाडवा : सात कामांच्या यादीच्या नोंदी

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा

यादी आज लावली. मुदत दिवाळी पाडव्यापर्यंत, २२ ऑक्टोबर. हातात २०६ दिवस. कामे अशी:

१. न्हाणीघरातला गळका नळ.
२. जिन्याखालची काळी सायकल चालती करून रोजच्या वापरात आणणे.
३. मोडी: ट्रंकेतल्या जुन्या दस्ताचे एक पान २० मिनिटांत वाचता येणे.
४. कैरीचे लोणचे, २ किलो.
५. ओल्या कचऱ्याचे खत, घरचा रोजचा साधारण ६०० ग्रॅम.
६. बँक आणि पीएफ खात्यांची नामांकने.
७. जुन्या अल्बममधले २४० फोटो स्कॅन करणे.

सूर्यनमस्कार यादीत घेतलेले नाहीत. ते रोजचे आहेत, त्यांची वेगळी रेघ वहीच्या मागच्या पानावर: ५ पासून सुरुवात, दर आठवड्याला २ वाढवायचे, २५ झाले की थांबायचे.

वहीत प्रत्येक कामापुढे तीन रकाने आखले, ‘पुढची पायरी’, ‘आधी काय हवे’ आणि तिसरा अडथळ्यासाठी. पायरी ४० मिनिटांत बसली पाहिजे, कारण रोज रात्री आवराआवर झाल्यावर तेवढाच वेळ उरतो. रविवारी दोन तास. ‘सायकल दुरुस्त करणे’ ही पायरी होत नाही, ‘कॉटरपिनच्या (पायडलाची दांडी मधल्या दांड्याला जखडणाऱ्या खिळीच्या) नटावर तेल सोडून ठेवणे’ ही होते. काम अडले की तिसऱ्या रकान्यात एक अक्षर टाकायचे: वे (वेळ), सा (सामान), मा (माप किंवा माहिती), अं (अंगदुखी, ताप), घ (घरचे कार्य). खुलासा लिहायचा नाही, अक्षर पुरे. खुलासा लिहायला बसले की निम्मी संध्याकाळ त्यातच जाते.

३ एप्रिल, गुरुवार. नळ

आधी गळती मोजली. पाव लिटरचे भांडे भरायला ८० मिनिटे, म्हणजे दिवसाला साडेचार लिटर. कारण नेहमीचेच: स्पिंडलच्या टोकाचे रबरी वायसर झिजून कडेला चर पडलेली. नळ अर्ध्या इंची.

पाणी बंद करायला गच्चीवरचा कॉक फिरवला. चाक फिरते, पण आतली झडप खाली उतरत नाही. वर्षानुवर्षे न फिरवलेल्या पितळी कॉकचे हे असेच होते, आतला दांडा झडपेपासून सुटतो. म्हणजे वायसर बदलण्याच्या पायरीआड कॉक बदलण्याची पायरी दडून बसलेली. अक्षर मा.

आजचा तोडगा: सकाळी पाणी यायच्या आधी टाकी रिकामी असते, तेव्हा नळ खोलायचा.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी ६.१० ते ६.३५. स्पिंडल काढला, वायसर बदलले, तरी थेंब थांबेना. बोट घालून पाहिले तर आतल्या बैठकीवर नखाएवढी खाच. बैठक खडबडीत असेल तर नवे वायसर महिन्याभरात कापले जाते. बारीक पॉलिश कागद पेन्सिलीच्या मागच्या टोकाला गुंडाळून बैठक घासली, पाण्याने धुतली, मग वायसर बसवले. टेफ्लॉन टेप आट्यांच्या घट्ट होण्याच्या दिशेने सात वेढे. उलट गुंडाळली तर नळ आवळताना टेपच उलगडत बाहेर येते.

थेंब बंद. गच्चीवरचा कॉक वहीत वेगळे काम म्हणून लिहिला, पण या यादीत घेतला नाही. सापडलेले प्रत्येक काम यादीत घेतले तर यादी कधी संपत नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी. सायकल उघडली

२८ इंची, रॉड ब्रेकची. टायरवर २८ बाय दीड, नव्या टायरवर हेच माप ४०-६३५ असे छापलेले असते. दुकानात दोन्ही आकडे सांगावेत, कारण २८ इंच म्हणून विकले जाणारे दुसरेही टायर आहेत आणि ते या रिमवर बसत नाहीत.

खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो, विशेषतः ब्रेकच्या दांड्यांच्या सांध्यांचे. सुटे भाग ठेवायला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, एका खळग्यात एका जागचे. डावे पायडल उलट आट्यांचे असते, ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते. मधल्या दांड्याचा उजवा कपही तसाच उलटा. तो खराब नसेल तर काढूच नये, जागेवरच पुसावा.

दोन्ही कॉटरपिनांचे नट सैल करून टोकाशी सपाट आणले आणि तेल सोडले. आज एवढेच.

८ एप्रिल, मंगळवार

उजवी पिन एका घावात सुटली. डावी फुलली.

क्रँकला, म्हणजे पायडलाच्या दांडीला, खालून आधार लागतो. लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा, त्यावर क्रँक टेकलेली, पिनेचे डोके पाइपच्या पोकळीत. मग नटावर एकच जोरदार घाव. आधार नसला की घावाचा जोर आतल्या छर्‍यांवर जातो, पिन जागची हलत नाही, आणि माणूस हलके हलके ठोकत बसतो. हलक्या ठोक्यांनी पिनेचे टोक चिंचोक्यासारखे चपटे होते आणि भोकात अडकते. डाव्या बाजूला पाइप अर्धा इंच आखूड पडला, खाली फळी सरकवायची राहिली. शेवटी सायकलवाल्याकडे ड्रिलने काढावी लागली. अक्षर मा.

१३ एप्रिल, रविवार. मोजणी आणि खरेदी

सगळे छर्रे डिझेलमध्ये धुतले. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालते, फक्त हातमोजे घालून. मोजले ते असे:

पुढचे चाक: ३/१६ इंची, दोन्ही बाजूंना १०-१०.
मागचे चाक: १/४ इंची, ९-९.
पायडलांचा मधला दांडा: १/४ इंची, ११-११.
हँडलचे कप: ५/३२ इंची, वर-खाली २५-२५.

आकड्याची खात्री नसेल तर ग्रीस लावलेल्या कपात मावतील तेवढे छर्रे भरून एक काढून घ्यायचा. गच्च भरले तर ते एकमेकांवर घासतात. जुन्यातले निम्मे चांगले आणि निम्मे नवे असे कधी करू नये. नव्यांचा व्यास केसभर जास्त असतो आणि सगळा भार त्यांच्यावरच येतो.

साखळी ताणून पट्टी लावली. २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. इथे १२ इंच आणि वर एक सूत (इंचाचा आठवा भाग). साखळी बाद.

खरेदी: टायर-ट्यूब २, साखळी १, छर्रे तीन मापांचे, कॉटरपिन २, ब्रेकचे रबर ४, व्हॉल्व्ह ट्यूब वीतभर, ग्रीस पाव किलो. ग्रीस निम्मेही लागणार नाही. कॉटरपिन जुनी सोबत नेऊनच घ्यावी, ९ आणि साडेनऊ मिलिमीटर डोळ्यांना सारख्याच दिसतात.

२० एप्रिल, रविवार. जोडणी

फ्रीव्हीलमध्ये (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रात) ग्रीस घालायचे नाही. डिझेलने धुऊन पातळ तेलाचे सहा-सात थेंब. ग्रीसने आतले खटके चिकटतात आणि चढावर पायडल रिकामे फिरते.

जोडून झाल्यावर पायडली एका रेषेत येईनात, एक क्रँक बोटभर पुढे. कॉटरपिनचा सपाट उतार दोन्ही बाजूंना एकमेकींच्या उलट बसायला हवा. इथे दोन्ही पिना एकाच बाजूने घातल्या होत्या. डावी काढून उलटी घातली, कानसीने उताराची कड दोनदा घासली, रेघ जुळली. पिन ठोकून बसवायची, नट नंतर आवळायचा. नट आवळून पिन ओढून घेण्याच्या नादात आटे जातात. पहिल्या २० किलोमीटरनंतर ती पुन्हा ठोकून नट आवळावा लागतो, हे ‘पुढची पायरी’त तारखेसकट लिहिले.

मागच्या रिमला आऊट, म्हणजे वाकडेपणा, ३ मिलिमीटर. पुढे ३२ आरे, मागे ४०. फ्रेमला खडू टेकवून चाक फिरवले, खडू लागला त्या बाजूचे आरे पाव फेरा सैल आणि समोरच्या बाजूचे पाव फेरा घट्ट. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. पाऊण तासात आऊट १ मिलिमीटरवर आला, रॉड ब्रेकला तेवढे चालते.

४ मे, रविवार

दोन आठवडे वहीत फक्त घ. लग्नसराई. तीन लग्ने, एक वास्तुशांत, पाहुणे. एकही पायरी नाही.

आज मोडी सुरू. कागद सगळे इंग्रजी अमदानीतले, म्हणून वळणही आंग्लकालीनच गिरवायचे. शिवकालीन किंवा पेशवेकालीन वळणाचा तक्ता समोर ठेवून हे दस्त वाचायला बसले तर अर्धी अक्षरे अनोळखी वाटतात.

पद्धत: दस्ताची छायाप्रत १४१ टक्के मोठी करून, म्हणजे ए-४ चे ए-३. दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलीने देवनागरी. न लागलेल्या अक्षराच्या जागी गोल शून्य. नावांचा अंदाज करायचा नाही, गोलच. ४० मिनिटांतली १५ गिरवायला, २५ वाचायला.

गिरवताना आधी पूर्ण ओळीची शिरोरेषा, मग तिला अक्षरे लटकवायची. उलट केले तर मोडीचे वळण हाताला येत नाही. सुटी अक्षरे पाठ करण्यात एक आठवडा घालवू नये. काना-मात्रा लागली की बऱ्याच अक्षरांचे रूपच बदलते, म्हणून एकेका अक्षराची बाराखडीच गिरवायची. रोज चार अक्षरे, प्रत्येकी दोन ओळी.

पहिल्या पानाला ३ तास १० मिनिटे, चार बैठकांत. गोल ४१.

१८ मे, रविवार

वाचन अडते ते अक्षरांपाशी कमी आणि शब्द तोडण्यापाशी जास्त. मोडीत दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे ओळ डावीकडून सलग वाचत गेले की तिसऱ्या शब्दाशी गाडी रुतते. ठरलेले शब्द आधी हुडकायचे: मौजे, तालुके, बिन, राहणार, लिहून देणार, लिहून घेणार, कारणे, सदरहू, रुपये. तळाशी साक्ष, दस्तुर खुद्द, निशाणी नांगर, आणि लिहिणाऱ्याच्या नावापाशी बिकलम. हे खुंट ठोकले की मधले आपोआप तुटत जाते. मौजे बहुधा ‘मौ।’ आणि राजश्री ‘रा।’ एवढ्यावरच भागवलेले असतात.

लोणच्यासाठी पुढचा रविवार ठरवला. ‘आधी काय हवे’मध्ये: बाठ धरलेल्या कैऱ्या, दोन बरण्या उन्हात ठेवलेल्या, मोहरीची डाळ.

२५ मे, रविवार. लोणचे

पुण्यात चार-पाच दिवस पाऊस कोसळतोय आणि मोसमी पाऊस महाराष्ट्रात शिरल्याची बातमी आजची. नेहमी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यावर बेतलेला हिशेब कोलमडला. बरण्यांना ऊन नाही, कैऱ्या भिजून आलेल्या.

तरी आजच घातले, कारण पुढच्या आठवड्यात कैरी आणखी नरम होईल. कैऱ्या आधी धुऊन, पुसून मगच अडकित्त्यावर फोडून घेतल्या. फोडी धुवायच्या नाहीत. सुती पंचावर पसरून टेबलफॅनखाली ५ तास. मीठ कढईत कोरडे भाजले, बरण्या मंद ओव्हनमध्ये २० मिनिटे.

२ किलो फोडींना: मीठ ४०० ग्रॅम, मोहरीची डाळ २००, लाल तिखट १५०, मेथी ४०, हळद ४०, हिंग २०, तेल पाऊण लिटर. मेथी तेलात तळून कुटायची, कच्ची राहिली तर कडवटपणा महिनोन् महिने जात नाही. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करायचे, कोमट तेलाने बरणीच्या गळ्याशी वाफ धरते. चौथ्या दिवशी फोडी खाली बसल्या की तेल त्यांच्या बोटभर वर आले पाहिजे, कमी पडले तर आणखी तापवून गार करून घालायचे.

८ जून, रविवार. खत बिघडले

२० लिटरच्या दोन बादल्या, बुडाला आणि बाजूंना सहा मिलिमीटरची ३० भोके, खाली ताटली. एप्रिलमध्ये सुरुवात, विरजणाला मूठभर जुने खत आणि आंबट ताक. रोज एक भांडे ओला कचरा, दोन भांडी सुका पाला, तीन दिवसांनी एकदा हलवणे. पहिला दीड महिना वास नाही, हाताला ऊब.

आता आंबूस वास, तळाला काळे पाणी, पांढुरक्या अळ्या. अळ्यांची काळजी नको, त्या कचराच खातात. काळजी पाण्याची. पाला संपल्यामुळे १ जूनपासून पाल्याशिवाय कचरा पडत होता, आणि बाहेरचा पाला सगळा भिजलेला. मार्च-एप्रिलच्या पानगळीत तीन गोणी भरून ठेवल्या असत्या तर पावसाळा निघाला असता. तेव्हा एकच भरली. अक्षर सा.

उपाय: कोकोपीटची ५ किलोची वीट. ती भिजवून फुगवायची नाही, हातोडीने कोरडीच फोडायची, कारण इथे तिच्याकडून पाणी शोषून घेण्याचेच काम हवे आहे. दोन बादल्यांत मिळून दीड किलो भुगा, सगळे उपसून पुन्हा थर. चार दिवसांत वास निम्म्यावर.

१४ जून, शनिवार

लहान बरणीत पांढरी साय. गळ्याशी तेल फोडींच्या खाली गेलेले. अर्धा किलो लोणचे टाकून दिले. वरची साय काढून खालचे वापरावे असे सांगणारे बरेच भेटतात, ते ऐकू नये. मोठी बरणी ठीक, तिच्यात १५० मिलिलिटर तेल वाढवले.

काम ४ पूर्ण धरले, दीड किलोवर.

२० जून, शुक्रवार. नामांकने

पालख्या शहरात, रस्ते बंद, सायकल काढण्यात अर्थ नाही. कागद काढले.

बँकेच्या ठेवींना तेव्हा (जून २०२५) अर्ज डी.ए. १ होता, बदलायचे असेल तर डी.ए. ३. बचत खात्याला नामांकन आहे म्हणजे मुदत ठेवीलाही असेल असे धरू नये, प्रत्येक पावती उलटून पाहावी. पाचपैकी दोन कोऱ्या निघाल्या. अर्जावर अंगठा असेल तर दोन साक्षीदार लागतात, सही असेल तर लागत नाहीत. एका खात्यावर जुनी मराठी सही, आता चालते ती इंग्रजी. आधी सहीचा नमुना बदलायचा, मग अर्ज. पुन्हा पायरीआड पायरी.

पीएफचे नामांकन ऑनलाइन. फोटो, नामांकित व्यक्तीचा आधार, आणि शेवटी आधारच्या ओटीपीने ई-सही. ई-सही झाली नाही तर भरलेले सगळे नुसतेच पडून राहते, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पीएफला लग्नाआधी केलेले नामांकन लग्नानंतर रद्द धरतात, नवे करावे लागते. बँकेत नामांकित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण म्हणून ती मालक होत नाही. वाटणी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच, हे अर्जाच्या छायाप्रतीवर पेनाने लिहून ठेवले. घरात ते सांगावे लागतेच.

१३ जुलै, रविवार

आठ दिवस ताप, पुढे आठ दिवस अशक्तपणा. अक्षर अं. सूर्यनमस्कार २३ वर होते, पुन्हा ८ पासून सुरू. तापानंतर सुटलेल्या आकड्यावरून सुरुवात केली तर तिसऱ्या दिवशी पाठ धरते आणि आणखी आठवडा जातो.

सायकल पावसात: स्टीलच्या ओल्या रिमवर रबर धरत नाही. पहिला फेरा-दोन फेरे पाणी पुसण्यात जातात, मग ब्रेक लागतो. त्यामुळे उताराचा रस्ता सोडून लांबचा सपाट रस्ता, दीड किलोमीटर जास्त. रोजचा वापर आठवड्यातून तीन दिवसांवर आणला.

२७ जुलै, रविवार. मोडीतली तारीख

एका खरेदीखतावर शके १७९५ श्रीमुख नाम संवत्सर, माघ शुद्ध, आणि खाली सन १२८३ फसली (महसुली साल). शकात ७८ मिळवले, १८७३. फसलीत ५९० मिळवले, १८७३. दोन्ही जुळले म्हणून तसेच लिहून टाकले.

दोन्ही चुकीचे. स्टँप विक्रेत्याचा इंग्रजी शेरा कागदाच्या पाठीवर आहे, त्यावर १८७४. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी साल त्याच्या मध्येच पौषाच्या सुमारास बदलते, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. फसली मृगाला बदलते, म्हणून जून ते डिसेंबर ५९० आणि जानेवारी ते मे ५९१. चूक दोन्हीकडे एकाच बाजूला आणि एकच वर्षाची, म्हणून ती एकमेकींना दुजोरा देते. संवत्सराचे नावही वाचवत नाही, ते शकाचेच वर्ष सांगते. म्हणून आधी महिना पाहायचा, मग बेरीज करायची. इंग्रजी शेरा मिळाला तर तो सगळ्यांत आधी.

पेशवेकालीन कागद हाती आला तर अरबी संख्याशब्दांत लिहिलेले साल मिळते, उदाहरणार्थ इसन्ने सबैन मया व अलफ. २ अधिक ७० अधिक १०० अधिक १०००, म्हणजे ११७२. त्यात ५९९ किंवा ६००, म्हणजे १७७१-७२. वर्ष मृगापासूनच, नियम तोच.

रकमांत उभ्या रेघा: एक पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. ‘५॥।’ म्हणजे पावणेसहा. धान्याच्या नोंदीत ४० शेरांचा मण वजनाचा आणि १२ पायल्यांचा मण मापाचा. या दोन्हींची गल्लत झाली की बेरीज जुळत नाही, आणि माणूस अक्षरावर संशय घेतो.

आजचे पान ५५ मिनिटांत, गोल ११.

१० ऑगस्ट, रविवार. फोटो

स्कॅनर आणला, अल्बम उघडला आणि मिटला. फोटो चिकट पानांवर, वर प्लॅस्टिकची फिल्म. हवेतल्या दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर नरम झालेला, फिल्म ओढली की रंगासकट येते. एका फोटोचा कोपरा गेला, तिथे थांबलो. ऑक्टोबरमध्ये कोरडी हवा पडेपर्यंत अल्बम डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि वर तारीख.

लोणचे, खत, फोटो: तिन्ही कामे हंगाम न पाहता यादीत बसवली होती. वहीत चौथा रकाना आखला, ‘केव्हा नाही’.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. २७ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर वहीत आडवी रेघ, काम शून्य, अक्षरही नाही. ठरवून सोडलेले दिवस अडथळ्यांत मोजायचे नाहीत. एप्रिल अखेरच्या लग्नांनाही हेच करायला हवे होते, तारखा तेव्हाही आधीपासून माहीत होत्या.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

अक्षरे मोजली. रेघेचे दिवस सोडून अडथळे ३४. त्यांत सा १२, मा ९, अं ५, घ ५, वे ३. तोंडी विचारले असते तर ‘वेळच मिळत नाही’ हेच उत्तर आले असते. सामान आणि माप मिळून २१, आणि त्यांतले बहुतेक आदल्या शनिवारी दहा मिनिटे पाहून टळले असते. यापुढे शनिवारी रात्री दहा मिनिटे: रविवारच्या पायरीचे सामान टेबलावर काढून ठेवायचे, नसेल तर पायरी बदलायची.

५ ऑक्टोबर, रविवार

हवा कोरडी. अल्बम दोन दिवस पंख्याखाली उघडा ठेवून मग दातांत घालायचा मेणाचा दोरा फोटोमागे सरकवला, करवतीसारखा पुढे-मागे, कोपऱ्यापासून मध्याकडे. फिल्म वर ओढायची नाही, फोटोला समांतर मागे दुमडत न्यायची.

६ बाय ४ इंची फोटो ६०० डीपीआयला ३६०० बाय २४०० पिक्सेल, न दाबलेली फाइल साधारण २६ एमबी. २४० फोटोंना सव्वासहा जीबी. स्कॅनरच्या काचेवर एका वेळी तीन. ४० मिनिटांत २४. फाइलचे नाव साल-महिना-प्रसंग-क्रमांक. साल माहीत नसेल तर ‘१९८x’ आणि पुढे जायचे. ‘हे कोण’ यावर चर्चा सुरू झाली की त्या रात्री चारच फोटो होतात.

२२ ऑक्टोबर, बुधवार. दिवाळी पाडवा

नळ कोरडा. लोणचे दीड किलो, त्यातले पाऊण संपले. खताची पहिली बादली चाळून ४ किलो, दुसरी अर्धवट. नामांकने सगळी, एक पोच यायची. फोटो १४४, उरले ९६, म्हणजे चार बैठका. मोडीचे पान २४ मिनिटांत, गोल ३, तिन्ही आडनावे.

सायकल ४१० किलोमीटर. मागच्या ब्रेकची रबरे रिमच्या कडेला एका बाजूने झिजलीत, डाव्याचा लोखंडी कप उघडा पडायला दोन मिलिमीटर उरलेत. रबरे दुकानात जोडीने मिळतात, माप जुन्या रबराचे. शनिवारी टेबलावर: दहाचा पाना, पकड, दोन रबरे.